वखारीतून जाणारी वाट

मावशींसमोर मरून गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, हे त्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. काढलंत की बसा मग ऐकत! दुधात पाणी घालून घालून अख्ख्या गल्लीला पाणीच पाजणारा दूधवाला गेला, तर मावशी म्हणाल्या, "हात जरा सढळ होता पाण्याला, पण मनात कपट नव्हतं हो." दारू पिऊन भेसूर गाणारा पहारेकरी गेला, तर म्हणाल्या, "रात्रभर जागा असायचा बिचारा, चोराची काय बिशाद!" आणि त्यांची स्वतःची सासू, जिने त्यांना लग्नानंतर कित्येक वर्षं धड बसून जेवू दिलं नव्हतं, तिच्याविषयी विचारलं तर, "शिस्तीची होती," एवढंच. जिवंतांच्या बाबतीत मात्र हा नियम नव्हता. जिवंत माणसाला मावशी सोलून काढायच्या.

सूनबाईला हे चांगलं ठाऊक होतं, कारण ती जिवंत होती.

मावशी गाद्या शिवायच्या. नवरा ऐन तारुण्यात गेला, मुलगा तेव्हा रांगत होता, आणि मागे उरलं काय, तर कापूस पिंजायचं एक खडखडं यंत्र आणि नवऱ्याच्या हातातलं दाभण. रडत बसायला सवड कुणाला होती? त्यांनी दाभण उचललं ते आजतागायत खाली ठेवलं नव्हतं. आता मुलगा यंत्र चालवायचा, सून खोळी बेतायची आणि मावशी टाके घालायच्या. नाकाला फडकी बांधून तिघं त्या धुरळ्यात बसायची आणि संध्याकाळी बाहेर आली की तिघांच्याही भुवया पिकलेल्या. गिऱ्हाईक गादीवर मूठ आपटून बघायचं. मावशी म्हणायच्या, "मूठ कसली आपटता, झोपायचंय ना? मग पाठ टेका." दिवसाढवळ्या चांगल्या कपड्यातली माणसं त्या कारखान्यात आडवी व्हायची आणि उठून मुकाट्याने गादी घेऊन जायची.

घर उतारावर होतं. पुढच्या अंगाला दगडी जिना, इतका अरुंद आणि वाकडा की एकट्या माणसाची गादीसुद्धा मुरडून, कोपरं सोलून, सात पिढ्यांचा उद्धार करत उतरवावी लागायची. दोघांची गादी तर तिथून जाणंच शक्य नव्हतं. मागच्या अंगाला मात्र कारखान्याचं दार थेट शेजारच्या लाकडाच्या वखारीत उघडायचं. तिथून ओंडक्यांच्या थप्प्यांमधून एक वाट फाटकापर्यंत जायची आणि फाटकाबाहेर मोठा रस्ता. हातगाडी आरामात निघायची. मावशींचा सगळा संसार त्या वाटेने बाहेर गेला होता, गादी गादी करून.

थोरले वखारवाले होते तोवर कुणी चकार शब्द काढला नाही. ते गेले, आणि त्यांच्या मुलाला कापणीचं नवं यंत्र बसवायला शेड हवी झाली, नेमकी त्याच जागी. एका सकाळी फाटकाला कुलूप.

"वहिनी, राग मानू नका," तो सूनबाईला म्हणाला. "जागा माझी आहे. वडिलांनी दया म्हणून जाऊ दिलं. आता मला लागते."

"दया?" सूनबाई उसळली. "भीक मागायला येत होतो का आम्ही? जन्म गेला या घराचा त्या वाटेवर!"

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्याला दोघांची गादी त्या जिन्यावरून उतरवायची नसते. सूनबाईने वकीलबाई गाठली.

वकीलबाई वयाने लहान, चणीने त्याहून लहान, पण बोलायला लागली की समोरचा आपोआप सरळ बसायचा. तिने कायदा असा सांगितला: दुसऱ्याच्या जागेतून वर्षानुवर्षं, उजळ माथ्याने, कुणाला न विचारता, आपला हक्क असल्यासारखं गेलात, तर ती वाट तुमची होते. मालकाला मग ती बुजवता येत नाही. पण मालकाच्या परवानगीने गेलात, तर ती त्याची मेहेरबानी. आज आहे, उद्या नाही.

"म्हणजे चोरासारखं घुसलं तर हक्क, आणि सभ्यपणे विचारलं तर काही नाही?" मावशी म्हणाल्या.

"चोरासारखं नाही, मावशी. उघडपणे."

"मग दरोडेखोरासारखं," मावशी म्हणाल्या. वकीलबाईला हसू आवरेना.

खालच्या कोर्टात मावशींची साक्ष झाली. न्यायाधीशांना सर्दी होती आणि रुमालाआडून ते सगळं निमूट ऐकत होते. बाकी सगळं ठीक चाललं होतं. वखारवाल्याच्या वकिलाने मग सरळ विचारलं, "थोरल्यांनी तुम्हाला या वाटेने जायची परवानगी दिली होती. बरोबर?"

सूनबाईने डोळे मिटून घेतले.

"दिली होती तर!" मावशी म्हणाल्या. "देवमाणूस! नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तहानलेल्याला पाणी, उन्हातल्याला सावली. अशी माणसं आता जन्माला येत नाहीत," आणि हे शेवटचं बोलताना त्यांनी थोरल्यांच्या मुलाकडे बघितलं.

झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.  आता वाट गेली, कारखाना गेला, आपण रस्त्यावर आलो, असं सूनबाईला तिथल्या तिथे दिसायला लागलं. पण वकीलबाई उठली ती शांतपणे, आणि तिने थोरल्यांविषयी अवाक्षर विचारलं नाही. तिने दूधवाल्याविषयी विचारलं. मग पहारेकऱ्याविषयी. मग मावशींच्या सासूविषयी. मावशींनी दूधवाल्याला संत केलं, पहारेकऱ्याला गायक केलं, सासूला गुरू केलं. कोर्टात हसण्याची लाट उठली. न्यायाधीशही रुमालात हसले की शिंकले, कळलं नाही.

निकालात त्यांनी लिहिलं की मी या बाईंना बोलताना पाहिलं आहे, गेलेल्या माणसाबद्दल त्या चांगलंच बोलतात, तो त्यांचा स्वभाव आहे. परवानगीचे त्यांचे शब्द हा मृताविषयीचा आदर समजतो, घडलेला व्यवहार समजत नाही. वाट यांची. फाटक उघडा.

फाटक उघडलं. सूनबाईने पहिली हातगाडी स्वतः ढकलत नेली, तीही वखारवाला समोर उभा असताना, मान ताठ ठेवून. त्या दिवशी ती इतकी खूश होती की मावशींनी काढलेल्या चार चुकाही तिला गोड लागल्या. फक्त एक गोष्ट तिने केली नाही. थोरल्यांनी खरंच परवानगी दिली होती का, हे तिने सासूला विचारलं नाही. वकीलबाईनेही विचारलं नाही. कधीकधी ओठावर यायचं, पण न विचारलेलं बरं, असं मनाशी म्हणून ती कात्री उचलायची.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. वखारवाल्याने अपील केलं, आणि प्रकरण राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टात गेलं. तिथला निकाल शेवटचा. तिथे हरलं की फाटक कायमचं बंद, आणि फाटक बंद म्हणजे धंदा बंद. दुसरीकडे जागा घ्यायची ऐपत नव्हती. मुलगा तसा अबोल, पण तोही एकदा यंत्र थांबवून म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही गं." सूनबाईला ते वाक्य दिवसरात्र ऐकू यायचं.

"पुन्हा सगळ्या साक्षी होणार?" तिने वकीलबाईला विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे मावशी आणि "दिली होती तर" हे दोन्ही एकदम उभं राहिलं होतं.

"नाही. वरचं कोर्ट कुणाला काही विचारत नाही. खाली जे बोललं गेलं, लिहिलं गेलं, तेवढंच वाचतं." वकीलबाईने इकडेतिकडे बघितलं. ती कारखान्यातच आली होती आणि अर्धवट शिवलेल्या गादीच्या कडेवर बसली होती. "असं बघा. खालच्या कोर्टाने ही गादी शिवली. वरचं कोर्ट ती उसवून कापूस पुन्हा पिंजत बसत नाही. कापूस कसा होता, ओला की सुका, हे ज्याने हातात घेतला त्याला ठाऊक, असं धरून चालतं. ते टाके तपासतं. टाका, म्हणजे कायदा, चुकीचा पडला असेल तर खालच्याची भीड ठेवत नाही, स्वतः उसवून स्वतः घालतं."

"आणि आत कापसाच्या जागी चिंध्या भरल्या असतील तर?" मावशी दाभण न थांबवता म्हणाल्या.

"चिंध्या बाहेर लोंबत असतील तर बघतील. नाहीतर नाही."

मावशी काही बोलल्या नाहीत. मावशी बोलल्या नाहीत, हे खरं तर तेव्हाच सूनबाईच्या लक्षात यायला हवं होतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी येणार तिथं."

"आई, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

"विचारलं तर?"

"नाही विचारणार म्हणतेय ना ती!"

"तुझं काय जातंय? मी येते."

नकार ऐकायची सवय त्या घरात मावशींना लावायची राहूनच गेली होती. मावशी ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून, सगळ्यांच्या आधी दारात उभ्या.

वरच्या कोर्टाचं दालन पाहून मुलाने पायातल्या चपलांकडे बघितलं. छत इतकं उंच की खोकलं तरी आवाज घुमेल. समोर उंचावर तीन खुर्च्या, तीन पाण्याचे पेले. वकिलांच्या टेबलावर एक छोटा दिवा, वेळ संपत आली की लाल होणारा. मधोमध एक टक्कल पडलेले न्यायाधीश, उजव्या हाताला एक जाडजूड गृहस्थ जे शेवटपर्यंत हनुवटी टेकून बसले, आणि डाव्या हाताला चष्मेवाल्या न्यायाधीशबाई. साक्षीदाराचा पिंजराच नव्हता. मावशींनी तो शोधला, मान उंचावून उंचावून शोधला.

वखारवाल्याच्या वकिलाने वेळ घालवला नाही. "प्रश्न स्वच्छ आहे आणि उत्तर त्याहून स्वच्छ. परवानगी होती का? दिली होती. स्वतः बाई सांगतात. परवानगी आली की हक्क संपला. हा कायदा आहे, आणि कायद्याच्या बाबतीत खालच्या कोर्टाचं मत आपल्यावर बंधनकारक नाही."

चष्मेवाल्या बाईंनी पान उलटलं आणि वाचलं, "दिली होती तर." वाचलं कसं, तर भाजीचा भाव वाचावा तसं. ना हेल, ना ठसका. त्या उंच दालनात ते तीन शब्द असे काही खणखणीत पडले की सूनबाईला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे वाटले. हेच शब्द खाली सगळ्यांनी हसण्यावारी नेले होते? कोऱ्या कागदावरून वाचले तर यात हसण्यासारखं होतं काय?

"आम्हाला तर यात संदिग्ध काही दिसत नाही," बाई वकीलबाईला म्हणाल्या. "कायदा सोडा, साधं वाचता येणाऱ्याला काय कळेल?"

वकीलबाई उठली. "वाचणाऱ्याला शब्द कळतील. पण परवानगी मिळाली, कुणीतरी मागितली आणि कुणीतरी दिली, ही घडलेली गोष्ट आहे की बोलण्याची पद्धत, हा कायद्याचा प्रश्नच नाही. ती घडली की नाही एवढाच प्रश्न आहे. तो ज्यांनी बाईंना बोलताना पाहिलं त्यांनी ठरवला. त्यांनी दूधवालाही ऐकला, पहारेकरीही ऐकला."

"दूधवाला मीही वाचला," मधले न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांच्या ओठांच्या कडा जरा हलल्या.

आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या बाकावर मावशी उठून उभ्या राहिल्या. "अहो साहेब, मी इथंच आहे की! मलाच विचारा ना!"

सगळ्या माना वळल्या. पट्टेवाला धावला. सूनबाईने सासूचा हात धरून खाली ओढला, पण मावशी गादीला टाके घालून घालून तयार झालेल्या, सहजासहजी हलतात होय? त्या तशाच उभ्या.

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत. "बसा आजी," त्या म्हणाल्या. "तुमचं म्हणणं आमच्यापुढे आहे. इथे आम्हाला नव्याने काही ऐकता येत नाही."

"मग ऐकतं कोण?" मावशी म्हणाल्या, आणि बसल्या.

दिवा लाल झाला. तिघं उठून गेले. एवढा घोर, एवढी जाग्रणं, आणि भाताला आधण यायच्या आत सगळं संपलंसुद्धा.

बाहेर पायऱ्यांवर सूनबाईने तोंड सोडलं. "काय गरज होती? सांगा ना, काय गरज होती? आपल्या घराचा प्रश्न आहे, तुम्हाला कळतं का? त्यांनी उठवून विचारलं असतं आणि तुम्ही पुन्हा देवमाणूस देवमाणूस करत बसला असता म्हणजे?"

"मला सांगायचं होतं..."

"नका सांगू! सांगितलं नाहीत तेच उपकार झाले."

मावशी घरी येईपर्यंत बसच्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. सूनबाईला नंतर वाईट वाटलं, नाही असं नाही, पण आपणहून विषय काढायचा धीर तिला झाला नाही. मग निकालाची वाट बघण्यात दिवस गेले. गिऱ्हाइकाने मोठी गादी सांगितली की सूनबाई पुढची तारीख द्यायला कचरायची. रात्री मुलगा आणि ती एकमेकांकडे पाठ करून जागी असायची आणि दोघंही झोपल्याचं सोंग करायची.

निकाल आला तेव्हा वकीलबाईने तिघांना कचेरीत बोलावलं. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मुलगा मटकन खुर्चीत बसला आणि त्या अबोल माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सूनबाईने भर कचेरीत वकीलबाईला मिठी मारली.

"वाचा तरी काय लिहिलंय," मावशी म्हणाल्या.

वकीलबाई वाचायला लागली. "'हे शब्द आमच्यासमोर आहेत, ते बोलणारी व्यक्ती नव्हती. खालच्या न्यायाधीशांसमोर दोन्ही होतं. त्याच पुराव्यावरून दुसऱ्या कुणी वेगळा निष्कर्ष काढला असता, कदाचित आम्हीही काढला असता. पण तेवढ्याने त्यांचा निष्कर्ष चुकीचा ठरत नाही. वृद्ध साक्षीदाराने मृताविषयीच्या आदरापोटी परवानगीचा उल्लेख केला, हे त्यांचं मत आम्ही कायम ठेवतो.' दोघांचं मत आपल्या बाजूने. एक विरुद्ध. न्यायाधीशबाईंनी वेगळं लिहिलंय. त्या म्हणतात, म्हातारी माणसं आदराने बोलतात म्हणून खोटंच बोलतात असं नव्हे, मला हे उत्तर सरळ वाटतं."

"ती चष्मेवाली?" मावशी म्हणाल्या. "हुशार बाई आहे."

सूनबाईने चमकून बघितलं. मावशींनी एका जिवंत माणसाला चांगलं म्हटलं होतं.

"आई?"

"दिली होती गं त्यांनी परवानगी."

मुलाने डोळे पुसता पुसता मान वर केली.

"तुझा सासरा गेला त्या वर्षी," मावशी सांगायला लागल्या, नेहमीच्या आवाजात. "पहिली मोठी गादी शिवली आणि ती जिन्यात अडकली. वरही जाईना, खालीही येईना. मी जिन्यात बसून रडले, मग तोंड धुतलं आणि वखारीत गेले. ते डबा खात होते. म्हटलं, तुमच्या जागेतून जाऊ का. तर घास न थांबवता म्हणाले, जा की. पण फाटक लावत जा, कुत्री शिरतात. देवमाणूस वगैरे काही नव्हते. तिरसट होते. पण दिली. म्हणून तर मी तुझ्यामागे लागते ना, फाटक लाव, फाटक लाव म्हणून."

"मग हे आधी का नाही सांगितलं?" सूनबाईचा आवाज चिरकला.

"सांगितलं की! कोर्टात शपथ घेऊन सांगितलं. तुम्ही सगळे हसलात. वर सांगायला गेले, तर बसा म्हणाले. आणि तू? तू कधी विचारलंस?"

 सूनबाईने वकीलबाईकडे बघितलं. वकीलबाईने कागद हळूच खाली ठेवला होता. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही काही लपवलं नाहीत. जे खरं ते बोललात. त्याचा अर्थ कोर्टाने लावला, आणि तो आता शेवटचा आहे. यापुढे तपासणारं कुणी नाही. वाट तुमची आहे, निर्धास्त जा."

"म्हणजे खरं बोलूनसुद्धा मी खोट्यावर जिंकले," मावशी म्हणाल्या. "वा रे वा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवर दोन मोठ्या गाद्या बांधून झाल्या. कारखान्याचं दार उघडलं, आणि मावशी उंबऱ्यातच थांबल्या. मुलाला म्हणाल्या, "गाडी राहू दे इथं. मी आले." आणि जिन्याने निघाल्या. गुडघे धरत, भिंत धरत, एकेक पायरी बसत उठत. सूनबाई मागोमाग. "आई, अहो दार इकडे आहे! समोर वखार दिसतेय!" पण ऐकतील तर शपथ. अख्खा वळसा घालून, मोठ्या रस्त्याने, त्या फाटकातून वखारीत शिरल्या, गिऱ्हाइकासारख्या.

वखारवाला फळ्या मोजत होता. कानावर पेन्सिल, अंगावर भुसा. दोघींना बघून त्याचा चेहरा दगड झाला.

"या," तो म्हणाला. "आता काय राहिलंय? वखार पण लिहून द्यायची का?"

"परवानगी मागायला आले," मावशी म्हणाल्या.

"चेष्टा करताय?"

"गुडघ्यांची चेष्टा करून घ्यायला तो जिना उतरले होय रे? तुझ्या बापाने मला या वाटेची परवानगी दिली होती. इथंच, डबा खाता खाता. मी मागितली आणि त्यांनी दिली. खाली सांगितलं, कुणी ऐकलं नाही. वर सांगायला गेले, कुणी विचारलं नाही. आता तुझ्या तोंडावर सांगते. दिली होती."

वखारवाल्याने कानावरची पेन्सिल काढली आणि ती कुठे ठेवायची हे त्याला कळेना.

"मी तेच सांगत होतो," तो शेवटी म्हणाला.  "इतकी वर्षं मी तेच सांगत होतो, मावशी. लोक मला येऊन म्हणायचे, तुझ्या बापाच्या नाकासमोरून लोक हक्काने गाड्या नेत होते आणि त्याला पत्ता नव्हता. शेड गेली खड्ड्यात. माझ्या वडिलांना कुणी बावळट म्हणू नये, एवढंच होतं. आणि तुम्ही बोललात, तर जज लिहितो, म्हातारी सभ्य आहे!"

"मी सभ्य?" मावशी म्हणाल्या. "त्याची सर्दी डोक्यात गेली होती. ते जाऊ दे. ते गेले, आता मालक तू. म्हणून तुला विचारते. जाऊ का?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

सूनबाई एक पाऊल पुढे आली. आता ही बाई काय बोलून बसणार!

"तर मी नाही जाणार," मावशी म्हणाल्या. "मी जिन्याने जाईन. ही जाईल इथून. हिला कोर्टाने दिलीय. मला नाही दिली कुणी."

वखारवाल्याने सूनबाईकडे बघितलं. "आणि वहिनी, तुम्ही? तुम्हाला काही विचारायचंय?"

सूनबाईला वाटलं होतं, हा दिवस आला की आपण याच्यापुढून छाती काढून जायचं. चार शब्द तिने पाठसुद्धा करून ठेवले होते. त्यातला एकही आठवेना. विचारायचं म्हटलं तर जीभ उचलत नव्हती, कारण विचारणं म्हणजे नवऱ्याची भाकरी पुन्हा कुणाच्या तरी मर्जीवर टांगणं, आणि ते ती मेली तरी करणार नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "मला काही विचारायचं नाही. वाट आमची आहे. पण तुमच्या वडिलांनी ती दिली होती, हे कुणीही विचारलं तर मी सांगेन. न विचारलं तरी सांगेन."

त्याने पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. मग मावशींकडे वळला आणि म्हणाला, "जा, मावशी."

मावशी ओंडक्यांच्या थप्प्यांमधून कारखान्याच्या दाराकडे गेल्या, संथपणे, मधे थांबून एका थप्पीवरून हात फिरवत, आणि आतून मुलाला हाक मारली की आण गाडी. गाडी बाहेर आली. सूनबाईने दांडा धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या वाटेवर पाऊल टाकताना तिला लाज वाटली, आणि तरी ती गाडी ढकलत निघाली, कारण गिऱ्हाईक वाट बघत होतं आणि गाद्या दुपारच्या आत पोचवायच्या होत्या.